लंबूची पाटी, दोब्रिवोयेची बंडी

मंगळवार, २० मे

या खोलीत वारा मारतो. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण संस्थेच्या सतरा सभासदांना मी तोंडाने सांगून झालंय आणि सतराच्या सतरा बहिरे निघाले. माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे भिंतीत परातीएवढी जाळी आहे. तिच्यातून दिवसभर वारा येतो आणि थेट मानेवर बसतो. ज्याने ती जाळी तिथे बसवली त्याला त्याच खुर्चीत बांधून ठेवायला हवं. मान धरली की आठवडाभर सरळ बघता येत नाही. त्याच वाऱ्याने माझ्या सासूचं तोंड वाकडं झालं होतं. आधीही तसं काही सरळ नव्हतं म्हणा, पण तरी.

आता बाकीचं. मी मिलुंका, वय शहात्तर, शिक्षण चौथी. शीतगृहाच्या यंत्रखोलीची किल्ली माझ्याकडे असते. मी झाडते, कॉफी उकळते आणि कोण आलं कोण गेलं ते बघते. ही वही नेवेनाने दिली. नेवेना माझी नात. म्हणाली, "आजी, तू दिवसभर इथे बसणारच. लंबू कधी थांबला, कुठला दिवा लागला, खोलीत काय चाललं होतं, सगळं लिही. बारीकसारीकही लिही."

लंबू म्हणजे यंत्र. पलीकडच्या गोठलेल्या हॉलमध्ये रुळांवर उभा असतो, देवळाच्या घंटाघरासारखा उंच. रास्पबेरीचे पॅलेट उचलतो आणि नऊ मजली फळ्यांवर नेऊन ठेवतो. आत उणे वीस. तिथे माणूस टिकत नाही, म्हणून लंबू. गेल्या शरदात त्याचं डोकं गेलं. डोकं म्हणजे पोळपाटाएवढी हिरवी पाटी. नेवेना बोर्ड म्हणते. तो आत नसतो, इथे माझ्या समोरच्या लोखंडी कपाटात असतो. बनवणारे म्हणाले, तो बोर्ड आम्ही आता करत नाही, नवीन यंत्र घ्या. नेवेना बेलग्रेडची नोकरी सोडून आली आणि तिने हिवाळाभर माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवीन पाटी केली. चार महिने मी कणीक मांडीवर मळली.

तिने मला समजावलं तेवढं असं. लंबूच्या चाकाचे फेरे पाटी मोजते, त्यावरून तो कुठे आहे ते तिला कळतं. फळीजवळ एक उजेडाचा डोळा आहे, तो सांगतो जागा रिकामी की भरलेली. मग पाटी मोटरला सांगते, इतकं पुढे, इतकं वर, थांब, ठेव. मी म्हटलं, म्हणजे सुनेला सांगतात तसं. ती म्हणाली, हो, फक्त ही ऐकते.

पहिली तोडणी जूनच्या मध्यावर. तोवर लंबू नीट चालला नाही तर संस्था शीतगृह शहरातल्या व्यापाऱ्याच्या ताब्यात देणार. मग आपली फळं तो म्हणेल तेव्हा आत जाणार आणि नेवेना बॅग भरून परत जाणार. तोंडाने कोणी म्हणत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

जाता जाता जाळीचा बंदोबस्त केला. दोब्रिवोयेची लोकरी बंडी घट्ट कोंबली. तो जाऊन नऊ वर्षं झाली, त्याला आता वारा लागत नाही. वरून देवळाचं कॅलेंडर टांगलं, म्हणजे खोली जरा माणसांची वाटते.

बुधवार, २१ मे

अकरा वाजून वीस मिनिटांनी लंबू थांबला. लाल दिवा. पाचव्या मजल्यावर पॅलेट हातात घेऊन उभा. खोलीत विदोये होता, फोर्कलिफ्ट चालवणारा, कॉफी पीत. मान आज ठीक.

नेवेना कपाटात डोकं घालून अर्धा तास बसली. म्हणाली, "बोर्ड तापला. तापला की तो स्वतःच मोटर बंद करतो, असंच ठेवलंय मी. पण तापायला नको होता."

विदोये म्हणाला, "शाळा लई झालेली पाटी आहे, डोकं तापणारच."

"तुझं कधी तापत नाही," मी म्हटलं, "त्याचं कारण आम्हाला माहीत आहे."

शुक्रवार, २३ मे

दोनदा. पावणेअकराला आणि अडीचला. दोन्ही वेळा लाल.

दुसऱ्या वेळी रादिसाव हजर. रादिसाव संस्थेचा अध्यक्ष. माझ्या नवऱ्याबरोबर शाळेत होता आणि त्याच्याच पाटीवरचं बघून लिहायचा. काचेतून लंबूकडे बघत म्हणाला, "वहिनी, पोरगी हुशार आहे. पण हे खेळणं नाही. गावाची फळं आहेत."

नेवेना तिथेच उभी होती. तिच्याशी बोलायचं तर तिच्याकडे बघावं की नाही? हा माझ्याकडे बघून बोलतो, जणू ती माझी बकरी आहे आणि त्याच्या कुंपणात शिरली.

मी म्हटलं, "पोरगी एकतीस वर्षांची आहे. तिला कान आहेत."

मग तो तिला म्हणाला, "बाळा, मनावर घेऊ नकोस."

शनिवार, २४ मे

बंडी धुवायला घरी आणली. चार दिवसांत काळी कुळकुळीत झाली. त्या जाळीतून काय घाण येते बघा, आणि हे सगळं मी मानेवर घ्यायचं होतं! पाण्याला तीनदा रंग आला.

लंबू सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत एकदाही थांबला नाही. माझं मत, आज रादिसाव लग्नाला आरिल्येला गेला होता म्हणून. काही माणसांची नजरच तशी असते.

मंगळवार, २७ मे

काल दहा वाजून दहा मिनिटं. आज सव्वादहा, बारा, तीन. बंडी धुतल्यावर आटली आहे, आता दुहेरी घडी घालून बसवली, चांगली गच्च बसते.

नेवेनाने पाटीवर चांदीच्या रंगाचे कंगव्यासारखे तुकडे चिकटवले, उष्णता निघून जावी म्हणून. काही उपयोग नाही. ती बाहेर माल उतरवायच्या ओट्यावर बसून आकडेमोड करत होती. खोलीत का बसत नाहीस विचारलं तर म्हणाली, "आजी, आत भट्टी आहे."

"भट्टी नाही, आत्ता कुठे ऊब आली आहे."

जेवायला बीन्सचं कालवण केलं होतं. चार घास खाल्ले तिने. म्हणाली, "मी बाहेरचे पस्तीस अंश धरून हिशेब केला होता. तीनदा तपासला. माझंच कुठेतरी चुकतंय आणि मला ते दिसत नाही."

मी जास्तीचं कालवण वाढलं. ते तिने खाल्लं नाही.

गुरुवार, २९ मे

आज स्पासोवदान, ख्रिस्त स्वर्गात गेला तो सण, शेतात काम नाही. देवळाच्या अंगणात रादिसावने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आठ जूनच्या रविवारी, दुहोवीच्या सणाला, सभा. तोवर यंत्र सुधारलं नाही तर व्यापाऱ्याला निरोप जाणार. विदोयेची फोर्कलिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या वर पोचत नाही, म्हणजे लंबूशिवाय दोन तृतीयांश हॉल रिकामा, असं त्याने बोटं मोजून दाखवलं. जसं काही आम्हाला तीन आणि नऊ कळत नाहीत.

नेवेना सरळ घराकडे चालू लागली. घरी आल्यावर बेलग्रेडला कुणाला तरी फोन लावून म्हणत होती, "जागा अजून रिकामी आहे का?" मी भांडी जोरात घासली. ऐकायचं नव्हतं म्हणून नाही. ऐकलेलं तिला कळू नये म्हणून.

शनिवार, ३१ मे

बंडी धुतली. लंबू दिवसभर चालला, बारा तास. या यंत्राला शनिवार मानवतो.

मंगळवार, ३ जून

काल आणि आज मिळून पाच वेळा थांबला. आज संध्याकाळी नेवेना म्हणाली, "वही दे बघू." स्वयंपाकघरात बसून पहिल्या पानापासून वाचायला लागली. मी बटाटे सोलत होते. एक-दोनदा हसली, म्हटलं चला, हसली तरी. मग एकदम थांबली. पान उलटं फिरवलं. परत पुढे गेली. शनिवारवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या शनिवारवर.

"आजी," ती म्हणाली, "बंडी कुठे आहे?"

"जाळीत."

"कुठल्या जाळीत?"

"कॅलेंडरच्या मागे. कुठल्या म्हणजे? खोलीत एकच आहे."

तिने वही हळूच मिटली. इतकी हळू की मला वाटलं आता फेकणार. म्हणाली, "त्या जाळीमागे पंखा आहे, आजी. बाहेरची हवा तो आत ढकलतो. बोर्ड थंड राहावा म्हणून. फक्त त्याचसाठी ती जाळी आहे."

मी बटाटा सोलत राहिले. पूर्ण सोलला, डोळे काढले, पाण्यात टाकला. मग म्हटलं, "मला हे कुणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी जगातलं सगळं हिशेबात धरलं. तुझी मान धरली नाही."

बुधवार, ४ जून

बंडी काढली. लंबू दिवसभर चालला आणि आज शनिवार नव्हता.

मी खुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात नेली आणि गळ्याला रुमाल बांधला. पहिल्या दिवशी हे का सुचलं नाही असं कोणी विचारलं तर सांगेन, खुर्चीने नव्हे, भोकाने हलायला हवं असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

नेवेना म्हणाली, सभेत बंडीचं नाव काढायचं नाही. "मी सांगेन की सुधारणा केली. लोक तुला हसतील."

मी म्हटलं, "आणि तुला?"

"मला काय?"

"सुधारणा केली म्हटलंस की आधी खोट होती असं होतं. पाटीत खोट नव्हती."

ती म्हणाली, "आजी, मी विनंती करते." अशी विनंती ती लहानपणी करायची, दात काढायला न्यायचं असलं की.

शुक्रवार, ६ जून

दोन दिवस विचार केला. मी रडत नाही आणि माफीही मागत नाही, दोन्हीची सवय नाही. पण हिवाळाभर ती पोर त्या टेबलाशी वाकून बसलेली मी बघितली आहे. भिंगातून बघत केसाएवढ्या तारा चिकटवायची. आणि माझ्या मानेपायी तिला वाटायला लागलं की तिला मोजता येत नाही.

रविवार, ८ जून

सभा झाली. नीट लिहिते.

शाळेच्या खोलीत सगळे बसले होते, दुहोवीला देवळात जमिनीवर पसरतात ते गवत अजून बुटांना चिकटलेलं. रादिसाव उभा राहून घसा साफ करत होता तेवढ्यात मी उठले. नेवेनाने माझा स्कर्ट ओढला. मी तिच्या हातावर चापट मारली.

म्हटलं, "पाटीत खोट नव्हती. तिला हवा लागते. हवेच्या जाळीत मी दोब्रिवोयेची बंडी कोंबली होती. पंधरा दिवस."

 मागून सभासद कोसानाने विचारलं, "वारा मारत होता का?"

"मानेवर."

"मग कोंबायलाच हवी होती!"

आणि सुटले सगळे. एकाला अशाच वाऱ्याने कमरेत उसण भरली होती, त्याने उठून कुठे ते दाखवलं. एकीचा भाऊ सैन्यात वाऱ्यात झोपला आणि अजून एका कानाने ऐकत नाही. कोणी म्हणालं जाळी छताला लावावी. दुसरा म्हणाला, छताचा वारा टाळूवर बसतो, तो तर सगळ्यात वाईट. अर्धा तास. रादिसाव टेबल बडवत होता.

तेवढ्यात विदोये उठला. टोपी हातात. म्हणाला, "सांगूनच टाकतो. दाराच्या खाली फट आहे ना, तिथून माझ्या घोट्यांना लागायचा. मी पुठ्ठा ठोकलाय. एप्रिलमध्ये."

नेवेनाने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडते. हसत होती. मग उभी राहिली, आणि पहिल्यांदाच सगळे गप्प बसले.

"एका बाजूने हवा यायला बंद," ती म्हणाली, "दुसऱ्या बाजूने जायला बंद. तरी बोर्ड चालत राहिला. आजीच्या वहीत मोजा. बारा वेळा तो तापला आणि प्रत्येक वेळी त्याने स्वतः मोटर थांबवली, पॅलेट हातात घट्ट धरून. एक तरी पॅलेट पडला?"

विदोये म्हणाला, "एकही नाही. जुन्या पाटीने दोन पाडले होते. मी खाली उभा होतो एकदा."

"एवढं वाईट वागवूनही तो चुकला नाही," नेवेना म्हणाली. "मी प्रयोगशाळेत त्याची इतकी परीक्षा घेतली नसती. माझी हिंमत झाली नसती."

रादिसावने टेबलावरचे कागद एकावर एक लावले. मग म्हणाला, "तीन दिवस. मंगळवार, बुधवार, गुरुवार. न थांबता चालला तर किल्ली कुठेही जाणार नाही." हात वर झाले. सतराच्या सतरा. बहिऱ्यांनी हात मात्र बरोबर वर केले.

गुरुवार, १२ जून

तिसरा दिवस. बाहेर छत्तीस अंश. पत्रा तडतडत होता. मंगळवार, बुधवार लंबू सुरळीत. आज सगळे दहा मिनिटांच्या अंतराने सहज म्हणून डोकावत होते, कोणी कॉफीला, कोणी वेळ विचारायला. घड्याळ प्रत्येकाच्या हातात.

दोनच्या सुमारास रादिसाव आला. शेतातून चालत आलेला, पाठ घामाने भिजलेली. जाळीसमोर उभा राहिला आणि एकदम दचकला. "अरे बापरे, वारा!" म्हणत त्याने खिशातला मोठा रुमाल काढला आणि जाळीवर धरला. अध्यक्षाने. माझ्या डोळ्यांदेखत.

माझ्या हातात कॉफीचं लांब दांड्याचं भांडं होतं. ते त्याच्या बोटांवर बसलं.

"वहिनी!"

"हात खाली. घाम आलाय तर बाहेर जाऊन वाळ."

तो हाताकडे बघत राहिला. मग रुमालाकडे. मग कान लाल झाले. "सवय आहे," म्हणाला.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "म्हणून तर मी इथे बसते."

पाच वाजता नेवेनाने कपाट उघडलं, पाटीवर हात धरला, अगदी तापलेल्या मुलाच्या कपाळावर धरतात तसा, लावला नाही. म्हणाली, "कोमट." लंबू नवव्या मजल्यावरून खाली येत होता. हिरवा दिवा.

गुरुवार, १९ जून

पहिली तोडणी आली. सकाळपासून ट्रॅक्टरची रांग. फळ चांगलं आहे, घट्ट, दाणा सुटत नाही. दुपारपर्यंत थंड बोगद्यातून गोठून बाहेर, पॅलेटवर, लंबूच्या हातात, वर. एकशे बारा पॅलेट. काचेजवळ लोक उभे होते, जणू लग्नातला नाच बघताहेत.

एकदा थांबला. मी आधी दिवा बघितला. पिवळा दिवा, लाल नव्हे. नेवेना म्हणाली, "उजेडाच्या डोळ्यावर बर्फ बसलंय, त्याला दिसत नाही म्हणून थांबला. शहाणा आहे." विदोये जाडा कोट घालून आत गेला, बाहीने पुसून आला. मिशीवर बर्फ होतं. परत हिरवा.

नेवेनाने आज तीन वाट्या कालवण खाल्लं. बेलग्रेडच्या जागेबद्दल मी विचारलं नाही. तिने स्वतःच सांगितलं, "त्यांना नाही म्हटलं." मी म्हटलं, मग टेबल तरी मोकळं कर. ती म्हणाली, नाही, आता दुसरी पाटी करायची आहे, राखीव. म्हणजे पुढचा हिवाळाही कणीक मांडीवर.

मंगळवार, २४ जून

डोंगरापलीकडच्या गावातल्या संस्थेचा माणूस आज फोनवर होता. त्यांचाही असाच एक लंबू आहे, त्याच जातीचा, दोन वर्षं मुका उभा. त्यांनी आपल्याबद्दल ऐकलं. उद्या सकाळी नऊला परत फोन करणार, त्यांना विचारायचंय की पाटी करून मिळेल का, किती दिवसांत, कशी. म्हणाले, "तुमच्या इंजिनिअरशी बोलायचंय."

ही बातमी रादिसावला दहा मिनिटांत कळली. लगेच आला, म्हणाला, संस्थेच्या वतीने अध्यक्षानेच बोललेलं बरं दिसतं, तो मुद्दे लिहून आणेल, पोरगी बाजूला बसेल, काही अडलं तर तिला विचारू. केसांना आत्ताच पाणी लावलेलं होतं, फोन उद्या आहे तरी. विदोये म्हणाला, मीही बोलू शकतो, लंबूला मी आतून ओळखतो. नेवेना म्हणाली, "बोलू दे ना आजी त्यांना, मला काय." आणि पायाकडे बघायला लागली.

तेव्हा हे मी मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. हे पान फाडून फोनच्या वर चिकटवणार. सगळ्यांनी वाचावं, आणि वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवावं.

उद्या नऊ वाजता फोन वाजेल. रादिसावने हात खिशात ठेवायचे. विदोयेने फोर्कलिफ्टवर बसायचं. मी कॉफी करीन आणि तोंड मिटीन, हे माझ्यासाठी सगळ्यात अवघड. फोन नेवेनाने उचलायचा. पहिल्या घंटीला नको, तिसऱ्या घंटीला. आणि "कोण बोलतंय" विचारलं की आजीचं नाव नाही, संस्थेचं नाव नाही, स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं, मोठ्याने. उत्तर तिनेच द्यायचं. दुसऱ्या कुणी दिलं तर कॉफीचं भांडं माझ्या हातात असेल.